कशावरून?

मुद्देमालाच्या खोलीला खिडकी नव्हती. पुण्यापासून दोन तासांच्या अंतरावरील एका तालुक्याच्या पोलीस ठाण्यात, मागल्या पडवीला लागून असलेल्या त्या खोलीचे कुलूप मुद्देमाल कारकुनांनी काढले, तेव्हा जुना ताग, गंज आणि डांबराच्या गोळ्या यांचा संमिश्र दर्प अंगावर आला. फळ्यांवर ओळीने बोचकी मांडलेली होती: खाकी कागदात गुंडाळलेले कोयते, सायकलची साखळी, लुगड्याचा एक तुकडा, गोणपाटात शिवलेली एक कुदळ. प्रत्येक गाठीवर लाखेची मोहोर आणि प्रत्येक बोचक्याला सुतळीने बांधलेली चिठ्ठी; चिठ्ठीवर गुन्ह्याचा नंबर, कलम, जप्तीची तारीख आणि तळाशी दोन सह्या. कुदळीच्या चिठ्ठीवरील एक सही मोठ्या, सुट्या सुट्या अक्षरांत, शाळा लवकर सुटलेल्या हाताने केलेली होती. ती कोणाची, असे मी विचारले.

“पंचाची,” कारकून म्हणाले. “साहेब, खटला कितीही मोठा असो, तो या दोन सह्यांवर उभा असतो.”

या अंकाचे सूत्र ‘शोध’ असे ठरवून संपादकांनी मला खुनाच्या तपासावर लिहायला सांगितले. पुस्तकातला तपास आणि ठाण्यातला तपास असे दोन्ही पाहून या, असा त्यांचा आग्रह होता. त्यानुसार मी गेले दोन महिने एका जुन्या वाचनालयात, या ठाण्यात आणि शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात जाऊन येऊन होतो. त्या हिंडण्यातून जे हाती आले ते एका शब्दात मावते. खून कोणी केला, हा रहस्यकथेचा प्रश्न; तपासाचा प्रश्न मात्र कशावरून, हा आहे.

आठवड्याला दोन पुस्तके

ज्यांचे बालपण माझ्याप्रमाणे साठच्या दशकात गेले, त्यांना रहस्यकथेची गोडी लावणारे नाव एकच होते. बाबूराव अर्नाळकर या नावाने लिहिणाऱ्या चंद्रकांत सखाराम चव्हाण यांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या आणि त्यांचे झुंजार, धनंजय व काळापहाड हे नायक गिरणीच्या चाळीपासून वकिलाच्या दिवाणखान्यापर्यंत सर्वत्र सारख्याच मोकळेपणाने वावरले. सदाशिव पेठेतील ज्या वाचनालयातून मी आठवड्याला दोन पुस्तके आणीत असे, तेथे परवा पुन्हा गेलो. ग्रंथपालबाईंनी कपाटाच्या तळातून काही पुस्तके काढून दिली. त्यांची पाने पिवळी पडून कडांना कुरतडलेली होती. खुनी कोण, हे एका अनाम वाचकाने पहिल्याच पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले होते आणि दुसऱ्या कोणी ते तितक्याच निष्ठेने खोडून टाकले होते.

एडगर अ‍ॅलन पो याने १८४१ साली पॅरिसच्या एका बंद खोलीतील दुहेरी हत्येचे कोडे आपल्या नायकाकडून सोडवून घेतले, तेथपासून या वाङ्मयाचा वंश मोजण्याची प्रथा आहे. आपल्या देशात हा प्रकार रुजला तो मात्र काही अंशी थेट पोलिसांच्या दफ्तरातून: कलकत्त्याच्या पोलीस दलातील प्रियनाथ मुखोपाध्याय यांनी १८९२ पासून ‘दारोगार दप्तर’ ही मालिका बंगालीत चालवली. म्हणजे फौजदार आणि कथाकार हे आरंभी एकाच देहात नांदत होते. त्यांची फारकत पुढे झाली.

ती फारकत कशात आहे, हे जुनी पुस्तके पुन्हा चाळताना ध्यानी येते. रहस्यकथेच्या जगात निरर्थक असे काहीच नसते. विझलेली विडी, थांबलेले घड्याळ, न भुंकलेला कुत्रा, सर्व काही कोणीतरी आपल्यासाठी मांडून ठेवलेले असते. संशयित मोजके असतात आणि ते शेवटच्या प्रकरणापर्यंत बंगला सोडून जात नाहीत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, नायकाने बोट दाखवताच खुनी बोलू लागतो. आपल्या कायद्यात त्या बोलण्याचे मोल काय? पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध शाबीत करता येत नाही, असे १८७२ च्या पुराव्याच्या कायद्याच्या २५ व्या कलमाने सांगितले आणि २०२४ च्या १ जुलैपासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमानेही तोच दंडक कायम ठेवला. पुस्तक मिटते त्या ठिकाणी फौजदाराचा खरा दिवस उजाडलेलाही नसतो.

चतुःसीमा

“प्रेत सापडल्याची वर्दी येते, तेव्हा आमचा पहिला वैरी खुनी नसतो, गर्दी असते,” पस्तीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्त झालेले एक फौजदार मला ठाण्याच्या आवारातील कडुलिंबाखाली बसून सांगत होते. पोलीस पाटलाने निरोप धाडल्यापासून गाडी पोहोचेपर्यंत कोणीतरी मयताच्या तोंडात पाणी घातलेले असते, कोणी माणुसकीने त्याच्यावर चादर पांघरलेली असते, पोरे झाडावर चढलेली असतात आणि मातीवर शंभर पावले उमटलेली असतात. त्या गलबल्यात पंच शोधायचे, दोरी बांधायची आणि पंचनामा लिहायला घ्यायचा.

घटनास्थळाचा पंचनामा हा मराठी गद्याचा एक उपेक्षित प्रकार आहे, असे त्या ठाण्यातील जुने कागद वाचताना मला वाटले. त्यात प्रथम चतुःसीमा येते: पूर्वेस अमुक यांची भिंत, पश्चिमेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस पडीक रान. मग प्रेताचे डोके कोणत्या दिशेस, हातांच्या मुठी मिटलेल्या की उघड्या, चपलेचा एकच पाय आहे तर दुसरा किती फुटांवर. मग रक्ताने भिजलेली माती एका पुडीत आणि तिच्याच शेजारची कोरी माती दुसऱ्या पुडीत. कारण पहिल्या पुडीत जे आढळले ते त्या जमिनीतच मुळात नव्हते, हे दुसरीवाचून सांगता येत नाही. लिहिणाऱ्याने येथे तर्क करायचा नसतो. दरवाजा तुटलेला दिसतो, एवढेच लिहायचे. आरोपीने तोडला, असे नाही. ललित लेखकाला जे संयमाने साधावे लागते, ते रायटर हवालदाराला जाबत्याने पाळावे लागते.

“आणि खुनी?” मी विचारले.

“गावाला दुपारपर्यंत नाव ठाऊक असतं. बांधाचा वाद, भावकीतली धुसफूस, बाईमाणसावरचा संशय. नाव काय, चहाच्या टपरीवरही मिळतं. ते नाव कोर्टात उभं राहील असं करायचं, तिथून पुढे आमची कंबर मोडते.”

ज्या गुन्ह्यात खून झाला हे खरे, परंतु खुनी सापडला नाही, त्याचा कागद ‘अ’ समरीने बंद होतो. कपाटात अशाही फायली होत्या. वाङ्मयात असल्या कथेला प्रकाशक मिळत नाही, येथे मात्र अशा फायलीतील मयताची आई वर्षाकाठी एकदा येऊन बाकावर बसते आणि “काही कळलं का, साहेब?” एवढे विचारून परत जाते, असे फौजदारांनी सांगितले.

पुण्याने कड्या लावल्या ते दिवस

१९७६ च्या हिवाळ्यात मी पुण्यात नोकरीला होतो. ऑक्टोबरअखेरीस विजयानगर कॉलनीतील एका घरात तिघांचा आणि डिसेंबरच्या पहिल्या तारखेस भांडारकर रस्त्यावरील एका बंगल्यात पाचांचा गळा आवळून जीव घेतला गेला, तेव्हा दिवेलागणीपासून पेठापेठांत कड्या सरकू लागल्या. दारावर थाप पडली की आतून नाव, गाव आणि कामाचे स्वरूप विचारल्याशिवाय अडसर निघेना. आणीबाणी होती, वर्तमानपत्रे जपून लिहीत, अफवांना मात्र कोणाचे बंधन नव्हते. कोणी दरोडेखोरांची टोळी म्हणे, कोणी सूडाचा हात म्हणे. आपल्यातलाच, टिळक रस्त्यावरील कलामहाविद्यालयात रंगपेटी घेऊन जाणारा, विशीचा कोणी विद्यार्थी असेल, असे कोणाच्याही ओठांवर आले नाही.

आणीबाणी उठल्यानंतर दोनच दिवसांनी, २३ मार्च १९७७ रोजी, एका तरुणाचा बळी गेला आणि लोखंडी शिडीला बांधून नदीत बुडवलेला त्याचा देह बंडगार्डनच्या बाजूस वर आला. सहायक पोलीस आयुक्त मधुसूदन हुल्याळकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मृताच्या परिचितांकडे चौकशी आरंभिली. त्या मुलांच्या जबान्या एकमेकींशी जुळेनात: कोण कोठे होता, केव्हा निघाला, कोणाबरोबर चहा घेतला, या क्षुल्लक गोष्टींत चौघांच्या चार वाटा झाल्या. भिंगाने पाहिलेल्या राखेतून नव्हे, तर साध्या प्रश्नांच्या कंटाळवाण्या रुजवातीतून तो गुन्हा उघडकीस आला. मग कळले की या मालिकेचा आरंभ जानेवारी १९७६ मध्येच झाला होता. त्यांच्याच एका सहाध्यायाचा देह लोखंडी पिंपात घालून पेशवे पार्कच्या तळ्यात सोडलेला होता आणि सारे वर्षभर सुटीच्या दिवशी मुले त्याच काठावर हिंडत होती.

आरोपी जागा दाखवतो आणि तेथे वस्तू निघते, याला आपल्या कायद्यात विशेष स्थान आहे. पोलिसांच्या ताब्यातील माणसाचा कबुलीजबाब ग्राह्य नाही. परंतु त्याच्या सांगण्यावरून एखादी वस्तू सापडली, तर त्या शोधाशी निगडित असलेला तेवढाच अंश ग्राह्य धरावा, असे जुन्या कायद्याचे २७ वे कलम सांगत असे. म्हणून अशा वेळी जीप थांबल्यावर आरोपीने पुढे चालायचे, पंचांनी त्याच्या मागे आणि पोलिसांनी सर्वांच्या मागे. म्हणजे वाट पोलिसांनी दाखवली, असे कोणास म्हणता येऊ नये. या पुण्याच्या खटल्यात पाचवा साथीदार माफीचा साक्षीदार झाला. परंतु माफीच्या साक्षीदाराच्या शब्दाला अन्य पुराव्याची जोड लागतेच, कारण स्वतःची मान सोडवण्यासाठी बोलणाऱ्याच्या जिभेवर एकट्या विसंबून दुसऱ्याची मान फासात देणे न्यायास मानवत नाही. सप्टेंबर १९७८ मध्ये सत्र न्यायालयाने चौघांना देहान्ताची शिक्षा फर्मावली. वरची सारी न्यायालये पार करून २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यास तिची अंमलबजावणी झाली. शहराला चार नावे आठवड्याभरात कळली होती. ‘कशावरून’ला साडेसहा वर्षे लागली.

ठाऊक असूनही

नाव ठाऊक असणे आणि ते शाबीत होणे यांतील अंतर किती दुस्तर असू शकते, याचे मुंबईतील उदाहरण १२ जानेवारी १९२५ च्या संध्याकाळचे आहे. मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या धनाढ्य व्यापाऱ्याची मोटार अडवून त्यास गोळ्या घालण्यात आल्या. त्याच्या सोबत असलेली मुमताज बेगम ही इंदूरच्या होळकर दरबारातून निघून आलेली होती आणि हल्लेखोरांना तीच हवी होती. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी योगायोगाने तेथे पोहोचले, त्यांनी झुंज देऊन काही मारेकऱ्यांना जागीच धरले, आणि त्यामुळे कोणी मारले हा प्रश्न त्या रात्रीच निकालात निघाला. धागा इंदूरकडे जातो, हे सर्वांस दिसत होते. खटला उभा राहिला, फाशीच्या शिक्षा झाल्या. परंतु हुकूम कोणाचा, याचे उत्तर कोणत्याही न्यायालयात शाबीत झाले नाही. चौकशी आयोगास सामोरे जाण्याऐवजी तुकोजीराव होळकरांनी १९२६ मध्ये गादी सोडली. इतिहासाने त्यावरून काय समजायचे ते समजावे. न्यायाच्या रोजनाम्यात ते पान कोरेच आहे.

या अंतराची किंमत दोन्ही बाजूंनी मोजावी लागते. मुंबईच्या उपनगरांत १९६८ साली झोपलेल्या माणसांची डोकी ठेचणाऱ्या रामन राघवला पोलिसांनी त्यापूर्वीच्या अशाच हत्यासत्रात धरले होते आणि पुराव्याअभावी सोडूनही दिले होते. ऑगस्टमध्ये उपनिरीक्षक अ‍ॅलेक्स फियालो यांनी त्याला रस्त्यात ओळखून पुन्हा पकडले. रमाकांत कुलकर्णी यांच्या मार्गदर्शनाखाली तपास झाला. मधल्या काळात जे मेले, त्यांच्या घरच्यांना पुराव्याच्या काटेकोरपणाची थोरवी कोणत्या तोंडाने सांगावी? आणि उलट बाजू पाहावी तर, २००३ सालच्या नाशिक भागातील एका अमानुष गुन्ह्यात भटक्या जमातीतील सहा जणांना फाशीच्या छायेत ठेवल्यानंतर, मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच पूर्वीचा निर्णय मागे घेऊन त्या सहाही जणांना निर्दोष ठरवले. घटनेत वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून भलत्याच चौघांना ओळखले होते आणि त्या दिशेने तपासच झाला नव्हता. ‘कोणी’चे उत्तर घाईने हवे असले, म्हणजे ‘कशावरून’ गिळले जाते, आणि ते नेहमी ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याच्याच घासाबरोबर गिळले जाते.

पंचांगावरचा अंगठा

विज्ञानाने हे सारे संशय मिटवले असतील, अशी आपली समजूत असते. बोटांच्या ठशांचे जगातील पहिले दफ्तर १८९७ साली कलकत्त्यास उघडले. ठशांचे वर्गीकरण करून ते १,०२४ खणांत लावण्याची जी युक्ती एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर गेली, तिच्यामागे अझिझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन फौजदारांचे गणित होते. पुढच्याच वर्षी जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा गळा चिरलेला आढळला, पेटी फोडलेली होती आणि आतल्या बंगाली पंचांगावर रक्ताचा पुसट अंगठा उमटलेला होता. दफ्तरातील ठशाशी तो ताडून पाहता एका जुन्या, पूर्वी शिक्षा भोगलेल्या नोकराचा निघाला. न्यायालयाने चोरीबद्दल त्याला दोषी धरले. खुनाबद्दल मात्र नाही. अंगठा तेथे टेकला हे सिद्ध होते. सुरी त्याच हातात होती, हे कशावरून? त्या न्यायनिष्ठुरतेपुढे आजही मान लवते.

आज ठाण्यातून पुड्या आणि बाटल्या कलिन्याच्या न्यायसहायक प्रयोगशाळेत किंवा तिच्या विभागीय शाखांत जातात, आणि पेशीतील डीएनएवरून माणूस ओळखता येतो. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षे वा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर जावे आणि झडतीजप्तीचे चित्रीकरण व्हावे, असे घालून दिले आहे. ही प्रगती मोठीच आहे. परंतु पुडी प्रयोगशाळेत उघडली तेव्हा तिची मोहोर अभंग होती ना, ती दरम्यान कोणाच्या ताब्यात होती, आणि मुळात जागेवरून ती उचलली तेव्हा कोण पाहत होते, हे प्रश्न यंत्राला विचारता येत नाहीत. पुण्याच्याच एका खटल्यात १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने परिस्थितिजन्य पुराव्याची पाच तत्त्वे मांडून त्यांना पंचशील म्हटले. पुराव्याची साखळी अशी अखंड हवी की आरोपी निर्दोष असण्याला वाजवी जागाच उरू नये, हा त्यांचा गाभा. त्या साखळीच्या अगदी पहिल्या कडीशी, उन्हात, गर्दीत, दोन सामान्य माणसे उभी असतात.

दळण

हे लिहिताना माझे एक जुने लज्जास्पद कृत्य मला सांगितलेच पाहिजे. तरुणपणी कचेरीला निघालो असता एका गल्लीच्या तोंडाशी भोसकलेला माणूस पडलेला पाहिला. हवालदार पंच शोधत होते. त्यांची नजर माझ्यावर आली आणि मी, ज्याने बालपणी शेकडो खून धनंजयाच्या बरोबरीने उलगडले होते, तो मी, हातातली पिशवी सावरीत मान खाली घालून पुढे निघून गेलो. तारखा पडतील, रजा जातील, कोणाचे वैर ओढवेल, अशी कारणे मनाने पावलागणिक पुरवली. त्या खटल्याचे पुढे काय झाले ते मी कधी विचारले नाही.

म्हणूनच, तालुक्याच्या ठाण्यातली ती कुदळ शिवाजीनगरच्या न्यायालयात येणार असल्याचे कळले, तेव्हा मी त्या तारखेला जाऊन मागल्या बाकावर बसलो. पुकारा झाला आणि साक्षीच्या पिंजऱ्यात साठीचे एक गृहस्थ चढले; धोतर, पांढरा सदरा, भुवयांवर पिठाची हलकी साय असावी तशी पांढुरकी छटा. गावात त्यांची पिठाची गिरणी आहे. ही त्यांची सहावी तारीख. आधीच्या पाच वेळा ते पहाटेच्या एसटीने आले आणि पुढील तारीख घेऊन गेले. गोणपाट उसवून कुदळ त्यांच्यापुढे धरली गेली.

“हीच का?”

“होय, साहेब. हिच्या दांड्याला तार गुंडाळलीय, ती तेव्हाही होती.”

“चिठ्ठीवरची सही तुमची?”

“माझीच.”

बचावाच्या वकिलांनी उलटतपासाला आरंभ केला. तुम्ही पोलिसांचे नेहमीचे पंच आहात. सही कोऱ्या कागदावर घेतली. विहिरीपाशी तुम्ही गेलाच नाहीत. पोलिसांनी पढवल्याप्रमाणे बोलत आहात. हे विचारणे वकिलांचे कर्तव्यच होते, कारण आरोपीच्या बाजूने ‘कशावरून’ म्हणणारा दुसरा कोणी नसतो. गृहस्थ प्रत्येक प्रश्नाला क्षणभर थांबत आणि नाही म्हणायचे तेथे नाही म्हणत. विहीर किती फूट खोल होती, याचे उत्तर त्यांनी “मोजली नाही” असे दिले. आरोपीनेच खून केला असे तुमचे म्हणणे आहे काय, असे वकिलांनी अखेर विचारले, त्यावर ते म्हणाले, “ते मला काय ठाऊक? मी नव्हतो तिथं.”

बाहेर व्हरांड्यात ते भिंतीला टेकून बसले होते. आरोपीचे दोन भाऊ चार पावलांवर उभे होते. एकाच गावचे, एकाच एसटीने परतणारे. असे साक्षीदार फितूर का होतात, हे तेवढ्या चार पावलांत कळून येत होते. मी शेजारी बसलो आणि, आपल्याला त्रास झाला असेल, असे काहीसे पुटपुटलो.

“त्यांच्या वाड्यावरची दळणं गेली,” ते म्हणाले. “नऊ घरं होती.”

“मग आपण आलात कसे, दादा? बोलावणं टाळता आलं असतं.”

त्यांना प्रश्न नीटसा समजला नसावा. त्यांनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली, घोटभर प्याले, आणि एवढ्या दूरवरून विचारायला आलेल्या माणसाला काहीतरी सांगायला हवे अशा सौजन्याने म्हणाले, “कुदळ त्या विहिरीतून निघाली. ती मी पाहिली. आता पाहिली ती पाहिलीच ना?”